विहिणीबरोबर क्योतो

शनिवार, ८ नोव्हेंबर २०२५. निशी-कसाई

वीणाताई काल आल्या. तीन बॅगा, त्यातली एक नुसती खाण्याची. विमानतळावरून घरी येईपर्यंत ट्रेनमध्ये त्यांनी दोन अनोळखी जपानी बायांशी मराठीत गप्पा मारल्या म्हणे. तन्वी हे कौतुकानं सांगत होती. मी म्हटलं, इथे ट्रेनमध्ये कुणी बोलत नाही, असभ्य समजतात. वीणाताई म्हणाल्या, "मग त्या हसत कशाला होत्या?"

मी दिवाळीच्या आधी आले आणि डिसेंबरपर्यंत राहणार, हे उन्हाळ्यातच ठरलं होतं. मुलगा माझा, पाळी माझी. आता मध्येच तन्वीच्या आईला ठाण्यात करमेना. नवऱ्याचे गुडघे दुखतात म्हणून जिना उतरत नव्हत्या, त्या एकदम टोकियोला उतरल्या. तन्वीनं मला आदल्या दिवशी सांगितलं. अनुरागनं तर सांगितलंच नाही.

घर दोन खोल्यांचं. एकीत मी आणि नात केतकी झोपायचो, आता मधोमध वीणाताई. दुसरीत तन्वी. अनुराग हॉलमधल्या सोफ्यावर झोपतो, पाठीसाठी. सोफा पाठीला चांगला असतो हे मला नवीन आहे, पण इथले डॉक्टर वेगळे असतील.

वीणाताई घोरतात. विचारलं तर म्हणतात, "मी? छे!"

सोमवार, १० नोव्हेंबर

आज जेवताना सगळे एकत्र होतो. अनुराग म्हणाला, "केती, आईला सांग, शनिवारी मी सुट्टी घेतलीय." तन्वी समोरच बसलेली, हात पुढे केला तर लागेल इतकी. केतकी मान वर न करता आईला जपानीत काहीतरी पुटपुटली. तन्वी म्हणाली, "बाबांना सांग, बरं." तोही निरोप केतकीकडूनच गेला.

पोरीचं मराठी सुधारावं म्हणून दोघांनी ही युक्ती काढलेली दिसते. चांगली आहे, पण आठ वर्षांची मुलगी आईबापांना फसवून निरोप जपानीतच देते, त्याचं काय? मी टोकलं. "केतकी, मराठीत सांग." तिनं ताटाकडे बघत चमचा खाली ठेवला. वीणाताईंनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी पोरीला मारलंच. मग ताट सरकवलं आणि उठल्या. भूक नाही म्हणे. दुपारी चकल्या कोण खात होतं?

नंतर ओट्याशी म्हणाल्या, "अनुरागराव फारच कमी बोलतात हो."

मी म्हटलं, "आमच्या घरातले पुरुष बडबडे नाहीत. यांनीसुद्धा उभ्या आयुष्यात कधी आवाज चढवला नाही, हात उगारणं तर लांबच. राग आला की बोलणं बंद करायचे, बस. शेजारच्या घरातून भांडी आपटल्याचे आवाज यायचे. आमच्याकडे शांतता."

"ते दिसतंच आहे," वीणाताई म्हणाल्या.

शब्दात काहीतरी खोच होती. मी तीस वर्षं शाळेत काढली, शेवटी शेवटी पर्यवेक्षिका होते. वर्गात कोण कुणाला खुणावतंय ते मला पाठमोरी असतानाही कळायचं. या बाईच्या मनात माझ्या मुलाबद्दल काहीतरी आहे.

तन्वीनं घरातल्या अर्ध्या वस्तूंवर निळ्या चिकटपट्ट्या लावल्यात. पुस्तकांच्या कपाटावर, मिक्सरवर, केतकीच्या सायकलवर. इथे कचरा वेगवेगळा करायचं फार खूळ आहे, पण मिक्सर चांगला चालतोय. टाकू नकोस, मी पुण्याला नेते, असं म्हटलं तर नुसती बघत राहिली.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

अनुरागनं जाहीर केलं. गुरुवार ते रविवार मी आणि वीणाताई क्योतोला. हॉटेल ठरलंय, शिन्कान्सेनची, म्हणजे बुलेट ट्रेनची, तिकिटं काढलीयत.

"तुम्ही नाही येणार?"

"ऑफिस आहे, आई. तू इतिहासाची बाई, तुला आवडेल."

"आणि या?"

"त्यापण बघतील."

सगळं तन्वीचं डोकं. आईला फिरवून आणायचं आणि सोबतीला मी, वाट दाखवायला. नाहीच म्हणणार होते. पण मग वीणाताई एकट्या जाणार, परत येऊन महिनाभर क्योतो सांगणार, आणि मी सोबत द्यायला नकार दिला हे ठाण्यापर्यंत पोचणार. जाते. पण कार्यक्रम मी ठरवणार. एक दिवस ओमि-हाचिमानला काढलाय. क्योतोहून लोकल गाडीनं अर्ध्या-पाऊण तासावर, बिवा तलावाजवळचं जुनं व्यापाऱ्यांचं गाव, कालव्याकाठी पांढऱ्या भिंतींची गोदामं. क्योतोला सगळं जग जातं. तिथे वाचलेली माणसं जातात.

गुरुवार, १३ नोव्हेंबर. क्योतो

खिडकीची जागा वीणाताईंनी घेतली. फुजी दिसला तेव्हा त्यांचा फोन काचेला चिकटलेला आणि त्यांचं डोकं फोनला. मला डोंगराचा डावा खांदा तेवढा मिळाला.

दुपारी निजो किल्ला बघितला. किल्ला म्हणजे आपल्यासारखा डोंगरावरचा नाही, सपाटीवरचा वाडाच, खंदकात बसलेला. आतल्या लाकडी जमिनीवर पाय ठेवला की चिवचिव होते. मी वीणाताईंना जमिनीखालचे खिळे, आकडे समजावून सांगत होते. त्या म्हणाल्या, "म्हणजे या घरात कुणी गुपचूप चालू शकत नव्हतं. बरं होतं." आणि मुद्दाम पाय दाबून दोन वेळा मागेपुढे चालल्या. पहारेकरी बाईनं हात जोडून पुढे जायला सांगितलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

संध्याकाळी नदीकाठी बसून त्यांनी पिशवीतून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी काढली. त्यांची एक कापडी पिशवी आहे, भरतकाम केलेली. पासपोर्ट, फोन, साखरेच्या गोळ्या, बिस्किटं, सगळा संसार तीत. मी म्हटलं, असं उघड्यावर कशाला? "तुम्ही नका खाऊ." मी कोन्बिनीतून, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानातून, भाताचा त्रिकोण आणला होता. आत खारट आंबट बोर निघालं. चांगलं होतं. निदान मी तसं म्हटलं.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर. क्योतो

आज जे झालं ते नीट लिहून ठेवते, कारण उद्या वीणाताई वेगळंच सांगतील.

सकाळी सान्जुसान्गेन्दो. लांबच लांब लाकडी देऊळ, आत सोन्याचा मुलामा दिलेल्या माणसाएवढ्या हजार मूर्ती, ओळीवर ओळी. करुणेची देवता, आपला अवलोकितेश्वर. समोर रक्षक देव उभे, त्यांत आपले ब्रह्मा आणि इंद्रसुद्धा आहेत, जपानी कपड्यांत. मी पाट्या वाचून वीणाताईंना सांगत होते. कुठेतरी लिहिलं होतं की या हजार चेहऱ्यांत नीट शोधलं तर आपल्याला भेटावंसं वाटणाऱ्या माणसाचा चेहरा सापडतो.

बघते तर वीणाताई मागेच थांबलेल्या. तिसऱ्या की चौथ्या ओळीतल्या एका मूर्तीसमोर उभ्या, आणि डोळ्यांतून पाणी. हुंदके नाहीत, नुसतं पाणी. जपानी लोक बाजूनं वाट काढून जात होते. आता नवरा ठाण्यात जिवंत, आई-वडिलांना जाऊन वर्षं लोटली, मुलगी दोन दिवसांत भेटणार. रडायचं काय?

मी हळूच म्हटलं, "लोक बघतायत."

"बघू देत."

"कुणाचा चेहरा सापडला एवढा?"

"तन्वीचा," त्या म्हणाल्या. "लग्नाच्या आधीचा."

हे माझ्या घराला उद्देशून होतं. मी बाहेर आल्यावर सोडलं नाही. म्हटलं, "मुलगी टोकियोत नोकरी करते, चांगलं घर आहे, नवरा निर्व्यसनी आहे. तुम्ही मंदिरात उभं राहून रडावं, असं काय कमी आहे तिला?"

"तुमच्या मुलाला विचारा."

"माझ्या मुलाचं नाव घ्यायचं नाही."

"का? देव आहे? त्या आतल्यांसारखा, सोन्याचा, आणि तोंड मिटलेलं?"

यापुढे एकही शब्द बोलायचा नाही असं मी तिथेच ठरवलं. माणसानं आपली पायरी सोडू नये. दुपारी आम्ही पानं लाल झालेली एक बाग बघितली, चहा प्यायलो, बसनं परत आलो. मी काही बोलले नाही. त्यांनी आधी दोन-तीनदा विचारलं, "उद्या किती वाजता निघायचं?" मी कार्यक्रमाचा कागद त्यांच्यापुढे सरकवला. मग त्याही गप्प झाल्या.

बरं वाटलं. हॉटेलची खोली किती शांत आहे.

शनिवार, १५ नोव्हेंबर. क्योतो

लिहू की नको असं झालंय.

सकाळी ओमि-हाचिमानला गेलो. गाडीत शेजारी शेजारी, अबोला तसाच. स्टेशनवरून गावात जायला बस. उतरताना वीणाताई पुढे, मी मागे. त्यांच्या सीटवर भरतकामाची पिशवी राहिली होती. मी पाहिली. अगदी स्पष्ट पाहिली. तोंड उघडायचं म्हणजे मी आधी बोलले असं होणार होतं. हातात घ्यायची म्हणजे मग द्यावी लागणार, देताना काहीतरी म्हणावं लागणार. मला वाटलं, उतरल्याबरोबर यांच्या लक्षात येईल. मागच्या माणसानं घाई केली, मी उतरले, दार लागलं, बस गेली.

त्यांच्या लक्षात आलं नाही. जुन्या रस्त्यानं चाललो. काळपट लाकडी घरं, कुंपणाच्या वर डोकावणारे पाइन वृक्ष, एकाही दारात माणूस नाही. गाव सुंदर आहे. मला काही दिसत नव्हतं. दर वळणावर वाटत होतं, आता सांगावं, आणि दर वळणावर ते अजून अवघड होत होतं. तिकिटं माझ्याकडे होती, त्यामुळे त्यांना पिशवी लागलीच नाही.

कालव्यात बोटीनं फिरवतात. बोटीत आमच्याशिवाय एक म्हातारं जोडपं, त्यांचा टोपलीतला कुत्रा, आणि दोन मुली. पांढऱ्या भिंती, पाण्यावर वाकलेली झाडं, नावाडी हळू आवाजात काहीतरी सांगतोय. वीणाताईंनी फोटोसाठी मांडीशी हात नेला.

"माझी पिशवी!"

त्या उठून उभ्या राहिल्या. बोट हलली. नावाडी "दाइजोबु, दाइजोबु", काळजी नको, म्हणत हातानं बसा बसा करतोय, या मराठीत ओरडतायत, "थांबवा! पासपोर्ट आहे त्यात! गोळ्या आहेत!" कालव्याला दोन्हीकडून दगडी भिंत, थांबवणार कुठे? शेवटी बसल्या. घाम फुटला होता. मग माझ्याकडे वळल्या.

"दमयंतीताई, तुम्ही माझ्या मागून उतरलात. सीटवर पिशवी नव्हती?"

कालपासूनचा माझा पहिला शब्द. "होती."

"होती म्हणजे? बघितलीत तुम्ही?"

"बघितली."

"मग?"

मी पाण्याकडे बघितलं.

"मग बोलायचं नव्हतं म्हणून बोलला नाहीत," त्या म्हणाल्या. आवाज एकदम खाली आला, आणि तेच जास्त वाईट होतं. "मी रस्त्यात पडले असते तरी बोलला नसतात. आता कळलं मला, हे कुठून आलं."

"काय कुठून आलं?"

"तुमचा मुलगा माझ्या मुलीशी एप्रिलपासून बोललेला नाही. एक शब्द नाही. तिला ऑफिसात वरची जागा मिळाली, हो म्हणून आली, त्याला आधी विचारलं नाही, हा तिचा गुन्हा. तेव्हापासून आजपर्यंत. उन्हाळ्यात तिला ताप चढला, उठवत नव्हतं, तर हा दारातून बघून ऑफिसला गेला. आठ वर्षांची पोर एकटी खाली उतरून आईसाठी थंड पाणी घेऊन आली."

"अनुराग शांत आहे. त्याचा स्वभावच..."

"शांत माणूस जेवलीस का विचारतो! हा शांत नाही, हा शिक्षा करतोय." आता त्या ओरडतच होत्या. "केती शाळेत बोलेनाशी झालीय, माहीत आहे? बाईंनी तन्वीला बोलावून विचारलं, मुलगी वर्गात तोंड का उघडत नाही. ते ऐकलं आणि माझी पोर उठली. आज, आत्ता, आपण इथे नावेत फिरतोय, तेव्हा ती सामान हलवतेय. पोरीसमोर तमाशा नको म्हणून तुम्हाला लांब न्यायचं काम माझ्याकडे होतं. मला काय क्योतोचं पडलंय? मला तुमच्याबरोबर मूर्ती बघायच्या होत्या?"

जोडपं दोन्ही हात मांडीवर ठेवून पाण्याकडे बघत होतं. मुली स्वतःच्या बुटांकडे. कुत्रा तेवढा आमच्याकडे. नावाड्यानं क्षणभर थांबून पुन्हा गोदामांची माहिती सुरू केली, पहिल्यापेक्षा हळू आवाजात. उतरायला जागा नव्हती. मला काहीतरी सणसणीत बोलायचं होतं.

धक्क्यावरच्या तिकीटवाल्या बाईनं फोनमधल्या भाषांतरावरून सगळं समजून घेतलं आणि बसच्या ऑफिसला फोन लावला. पिशवी परतीच्या बसनं आली. पांढरे हातमोजे घातलेल्या ड्रायव्हरनं खाली उतरून, दोन्ही हातांनी, वाकून दिली. वीणाताईंनी गोळी काढली, माझ्या हातातली पाण्याची बाटली न विचारता ओढून घेतली आणि प्यायल्या.

मी अनुरागला फोन केला. उचलला नाही. मग मेसेज आला, "आई, नंतर बोलू. तू फिर."

मी आजच टोकियोला निघते म्हणाले. वीणाताई म्हणाल्या, "जा. जाऊन ट्रकपुढे आडव्या पडा." गेले नाही. रोपवेनं डोंगरावर गेलो, कारण तिकीट काढलेलं होतं. वरून बिवा तलाव दिसतो, समुद्रासारखा. आम्ही दोघी दोन वेगळ्या बाकांवर बसलो.

तरी मला वाटतं, तन्वीनं मला सांगायला हवं होतं. मी अनुरागला समजावलं असतं. काय समजावलं असतं, ते मगाशी डोंगरावर बसून जुळवत होते. जुळलं नाही.

रविवार, १६ नोव्हेंबर. निशी-कसाई

टोकियो स्टेशनवर तन्वी उभी होती. आईला घ्यायला. मला वाकून नमस्कार केला, म्हणाली, "आई, मला तुमच्याशी बोलायचं होतं, पण..." मी म्हटलं, "पण काय?" उत्तर द्यायला मी तिला वेळ दिला नाही. त्या दोघी एकीकडे गेल्या, मी टॅक्सीत बसले. सून माझी सामानासकट निघून गेली आणि मी स्टेशनवर तिला तोऱ्यानं पाठ दाखवली.

घरात कपाटाच्या जागी भिंतीवर फिकट चौकोन. निळ्या पट्ट्यांचं सगळं गेलंय. केतकीच्या गादीच्या जागी काही नाही. अनुराग सोफ्यावर.

"खरं आहे का रे?"

"काय?"

"एप्रिलपासून बोलला नाहीस तिच्याशी."

"आई, तू यात पडू नकोस. तिला मोकळीक हवी होती, घेतली."

"पण तू बोलत का नव्हतास?"

तो उठून आतल्या खोलीत गेला. तन्वीच्या. दार लावलं, आपटलं नाही. आमच्याकडे कुणी दार आपटत नाही.

बुधवार, १९ नोव्हेंबर

रविवारपासून अनुराग माझ्याशी बोललेला नाही.

सोमवारी वाटलं, दमलाय. मंगळवारी भरली वांगी केली. निशी-कसाईच्या भारतीय दुकानात जाऊन छोटी वांगी शोधून आणली. खाल्ली, ताट विसळलं, ऑफिसचा लॅपटॉप उघडला. मी विचारलं, "तिखट झाली का?" त्यानं माझ्या आरपार भिंतीकडे बघितलं. मला ती नजर माहीत आहे. यांची.

आज तो डबा घेऊन निघताना माझ्या तोंडून आपोआप निघालं, "चुकलं माझं, अनुराग."

काय चुकलं ते मला माहीत नाही. त्याला माहीत आहे की नाही, कोण जाणे. त्यानं मान हलवली आणि गेला. नंतर मी बराच वेळ दाराशी उभी होते. आधी बरं वाटलं, की मान तरी हलवली. मग त्या बरं वाटण्याचाच इतका संताप आला की ओटा तीनदा पुसला.

वीणाताईंचा फोन आला होता. उचलला नाही. पुन्हा आला. उचलला. "केती विचारतेय आजी कुठाय म्हणून. मला काही हौस नाही फोन करायची," म्हणाल्या आणि ठेवला.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

आज बोलले. तो तोयोसुच्या ऑफिसमधून आला, जेवला, टीव्ही लावून बसला. मी टीव्हीसमोर जाऊन उभी राहिले.

म्हटलं, "मी भावाकडे चार दिवस जास्त राहिले म्हणून तुझे बाबा एक अख्खा पावसाळा माझ्याशी बोलले नव्हते. तू सात वर्षांचा होतास. निरोप तू आणायचास. आई, बाबा म्हणतात इस्त्रीचा शर्ट कुठाय. बाबा, आई म्हणते कपाटात. स्वयंपाकघर ते पुढची खोली, दिवसभर. मी शेजारणीला सांगायचे, किती समजूतदार पोरगा आहे. आठवतं तुला?"

तो माझ्या बाजूनं टीव्ही बघायचा प्रयत्न करत होता.

"मी तेव्हा बॅग भरली होती. माळ्यावर ठेवली होती. कुणाला माहीत नाही, तुझ्या बाबांनाही कधी कळलं नाही. जायला जागा नव्हती म्हणून राहिले. तन्वीला जागा मिळाली."

"झालं तुझं?"

"नाही."

तो बाथरूममध्ये गेला, नळ सोडला. मी दाराबाहेर उभी राहून बोलत राहिले. सगळं बोलले. यांच्याबद्दल, माझ्याबद्दल, त्या बसमधल्या पिशवीबद्दलसुद्धा. काही शब्द असे वापरले की ते वर्गात मुलांनी उच्चारले असते तर मी त्यांना बाकावर उभं केलं असतं. नळ बंद झाला तरी तो आतच होता. मी म्हटलं, "मी उद्या तन्वीकडे जातेय राहायला. माझं परतीचं विमान अजून लांब आहे आणि मला या घरात असं राहायचं नाही."

बाहेर आला तेव्हा चेहरा ओला होता. पाण्यानं की कशानं, मी विचारलं नाही.

"बॅग जड आहे तुझी," म्हणाला. "स्टेशनपर्यंत येतो."

शनिवार, २२ नोव्हेंबर. मिनामि-सुनामाचि

तन्वीचं नवं घर तोझाइ मेट्रोनं पुढच्याच स्टेशनला, पण मध्ये नदी आहे, त्यामुळे लांब वाटतं. निशी-कसाई स्टेशनच्या फाटकाशी अनुरागनं बॅग माझ्या हातात दिली. मग म्हणाला, "केतीला सांग..."

"मी काही सांगणार नाही. काय ते येऊन सांग तिला. आणि तिच्या आईला."

तो फाटकाच्या पलीकडेच उभा राहिला. येईल की नाही, माहीत नाही. हे लिहिताना मला त्याची काळजी वाटतेय आणि रागही येतोय. आई म्हणून यातलं कुठलं बरोबर ते कळत नाही.

दार वीणाताईंनी उघडलं. "कशाला आलात?"

"नातीकडे."

"गाद्या कमी आहेत."

"मी जमिनीवर झोपेन."

"इथे सगळेच जमिनीवर झोपतात."

आतून तन्वी आली. माझी बॅग बघितली. "अनुरागनं पाठवलं का तुम्हाला?"

"नाही. मीच आले." मग, तोंडात जे अडकून बसलं होतं ते काढलं. "स्टेशनवर मी तुला बोलू दिलं नाही. आता बोल. मी ऐकते."

ती दारातच उभी राहिली, मग म्हणाली, "आता नको, आई. संध्याकाळी. आधी आत या." बाजूला झाली. मला वाटलं होतं ती रडेल, निदान मिठी मारेल. तसं काही झालं नाही. का व्हावं?

दुपारी पोहे मी करते म्हटलं. वीणाताई म्हणाल्या, ओटा त्यांचा आहे. मी म्हटलं, ओटा तन्वीचा आहे. त्यांनी मोहरीचा डबा धरून ठेवला. मी म्हटलं, तुमच्या ठाण्याच्या पोह्यांत साखर असते, केतकीला आवडत नाही. त्या म्हणाल्या, तुमच्या पुण्याच्या पोह्यांत काहीच नसतं. तिथून घोरणं निघालं, लग्नातल्या साड्या निघाल्या, बारा वर्षांपूर्वी त्यांच्या भावाला पंक्तीत मागे बसवलं ते निघालं, पिशवी निघाली. पिशवीवर मी म्हटलं, "चुकलं माझं," आणि या वेळी काय चुकलं ते मला माहीत होतं. "चुकलंच," त्या ओरडल्या. "कढई जळतेय, बघा तिकडे!"

दाराची घंटा वाजली. खालच्या मजल्यावरची एक बाई, ॲप्रन घातलेली, कमरेत वाकून, हळू आवाजात काहीतरी बोलली. केतकी आमच्या मध्ये येऊन उभी राहिली.

"काय म्हणतेय ती?" मी विचारलं.

केतकीनं माझ्याकडे बघितलं, मग वीणाताईंकडे. "ती म्हणतेय, तुम्ही दोघी फार मोठ्यानं बोलता."

तन्वी मोरीच्या दारात तोंडावर हात धरून उभी होती. मी केतकीला म्हटलं, सॉरी म्हण. केतकीनं म्हटलं, चांगलं लांबलचक, जपानीत. बाई पुन्हा वाकली. आम्हीही वाकलो, दोघी, एकदमच. दार लावलं.

वीणाताई माझ्या कानाशी आल्या आणि अगदी दबक्या आवाजात म्हणाल्या, "पण हळद जास्तच झालीय."

"झालेली नाही," मी म्हटलं.